दाजीपूरचा गवा आणि तालमीचं दूध

मंडळी, आज संध्याकाळी तालमीत दूध न्हाय. आधी फळ्यावरचं कारण वाचा, मग शिव्या द्या.

दाजीपूरला गव्यांसाठी नवं अभयारण्य झालंय, ते बघायला पहाटेच ट्रकनं गेलतो. आपला दत्तबा गवळी धरून आम्ही चौघं.

झाडीत गवा दिसला. काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यागत. आम्ही श्वास रोखून उभे. दत्तबा मात्र बाजारात म्हैस बघावी तसा पुढं सरकला.

"काय अंग हाय! हिच्यापुढं आमची चंद्री म्हैस म्हंजे शेळी की! पावणं, दूध किती देती ही?"

संगं आलेला जंगलाचा गार्ड ओरडला, "अवो, नर हाय तो! मागं फिरा!"

तेवढ्यात गवा फुसकारला. आम्ही ट्रकात कसं चढलो, आठवत न्हाय. दत्तबाचा पटका तिथंच राहिला.

संध्याकाळी दत्तबा चंद्रीच्या धारेला बसला. तिनं त्याला एकदा हुंगलं आणि लाथेनं बादली उडवली. पेंड घातली, पाठ थोपटली, शेवटी त्यानं हात जोडले. थेंब न्हाय.

आता खरं सांगा. गार्ड ऱ्हायला दाजीपुरात, आम्ही तिघं गप्प. मग 'शेळी' म्हटल्याचं चंद्रीला सांगितलं कुणी?