मधली जागा

जव्हारकडच्या पोशेरे गावातल्या लक्ष्याला मुंबईच्या चित्रशाळेने एकदा परत पाठवलं होतं, तेही हात चांगला असताना. नक्षीकामाच्या वर्गात जागा मोजक्या आणि उमेदवार ढीगभर. परीक्षेत चौकोनी जाजमाची नक्षी मागितली. लक्ष्याने लग्नघराच्या भिंतीवर काढतात तो चौक काढला. चारी बाजूंची वेलबुट्टी अशी उतरली की शेजारचा पोरगा आपलं सोडून त्याच्याकडेच बघत बसला. पण मधली जागा लक्ष्याने कोरी ठेवली. तिथे लग्नाची देवी पालघट येते, आणि ती सवाशिणीनेच काढायची. पुरुषाने नाही, विधवेनेही नाही; काढली तर हात लुळा पडतो, डोळा जातो, असं गाव मानतं. हे परीक्षकांना कोण सांगणार? त्यांनी ‘काम अर्धवट’ असा शेरा मारला आणि लक्ष्या आल्या पावली परत.

जव्हारच्या शाळेतल्या गोगटे मास्तरांनी कपाळाला हात लावला. संस्थानच्या दरबारात अर्ज-विनंत्या करून त्यांनीच या पोराचं नाव पुढे काढलं होतं.

"लक्ष्मणा, अरे सगळं वऱ्हाड आणलंस आणि नवरीच विसरलास?"

"विसरलो नाय, मास्तर. ठेवली."

"मग पुढच्या खेपेला ठेवू नकोस. त्यानंतर तुझं वय निघून जाईल."

ते वर्ष लक्ष्याने ओढत नेलं. शेतात नागली, डोक्यावर लाकडाचे भारे, आणि सवड मिळाली की डोंगर तुडवत जव्हार. मास्तर समोर कागद ठेवत, तेव्हा त्याचे डोळे मिटायला लागत. ज्या कामाची हौस होती तेच आता मानेवरचं जू झालं होतं. सोडून द्यावं असं कितीदा मनात आलं, पण मास्तरांच्या तोंडाकडे बघून तो पुन्हा पेन्सिल उचले.

हात त्याला आईकडून आला होता. एके काळी धोंडीबाईशिवाय पोशेऱ्यात लग्नाची भिंत चितारली जात नव्हती. नवरा गेला आणि तिचा हात थांबवला गेला. तेव्हापासून ती लग्नघराच्या अंगणात बसायची आणि दुसऱ्या बायांच्या रेषा वाकड्या पडताना मुकाट बघायची.

दुसऱ्या परीक्षेत पडद्याची नक्षी होती. थकल्या डोक्याला दुसरं काही सुचेना, पुन्हा चौकच उतरला. मध्यावर येऊन हात अडला. घंटा व्हायला आली, तसा लक्ष्याने मनातल्या मनात माफी मागितली आणि देवी काढली. त्या वर्षी तो निवडला गेला.

घरी पोचला तेव्हा आई उखळात भात कांडत होती.

"आये, मना घेतला."

ती हसली, मुसळ बाजूला ठेवलं. मग विचारलं, "यंदा मधली देवी कोणी काढली?"

"मीच." लक्ष्याने मान खाली घातली. "चुकला माझा. भगताला विचारू, कोंबडा देऊ."

धोंडीबाई त्याच्याजवळ आली. त्याचा उजवा हात हातात घेऊन तिने उलटा-सुलटा करून पाहिला.

"हाताला काय झाला तुझे?"

"काय नाय."

"ताप आला? डोला गेला?"

"नाय, आये."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मंग माझा हात कशाला थांबवला रं इतकी वर्षां?"