आर्टिकल काकूंचं पहिलं ‘नको’

न्यू जर्सीत पार्सिपनीला पडलेल्या पहिल्याच बर्फात सुनंदाची गाडी घसरून एका घरासमोरच्या टपालपेटीवर आदळली, तेव्हा तिने फोन केला तो आर्टिकल काकूंना. नवरा लांब ऑफिसात होता, काकू जवळ होत्या. काकूंच्या विद्यार्थिनींनी फोनवर इंग्रजीतच बोलायचं असा नियम होता आणि अपघाताला त्यातून सूट नव्हती. “काकू, आय हॅड ॲक्सिडेंट,” सुनंदा रडत म्हणाली. “ॲन ॲक्सिडेंट,” काकू म्हणाल्या आणि थांबल्या. सुनंदाने हुंदके आवरत वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. मग काकूंनी मराठीत विचारलं, “लागलं का गं कुठे? हलू नकोस तिथून, काका आज घरीच आहेत, त्यांना पाठवते.” मी स्वयंपाकघरात उभा होतो. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, “एवढी घाबरलेली, पण दुसऱ्या खेपेला बरोबर म्हणाली हो!”

त्यांचं नाव मालतीबाई. हे नाव काका आणि पोस्टमन सोडून कुणी वापरत नसे. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीच्या त्या भागात जी मराठी घरं होती, त्या सगळ्यांसाठी त्या आर्टिकल काकू होत्या. अमरावतीला मुलींच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. काका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते आणि त्यांच्या नोकरीमागे काकू इकडे आल्या. मी त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होतो आणि एका स्थानिक इंग्रजी दैनिकात बातम्या तपासण्याचं काम करत होतो. दिवसभर इतरांच्या चुका काढून घरी यायचं आणि जिन्यातच आपल्या चुका ऐकायच्या, असा तो काळ होता.

काकूंचं म्हणणं साधं होतं. मराठी माणसाला इंग्रजी शब्द येतात, काळ येतात, कर्मणी प्रयोगसुद्धा येतो. अडतं ते शब्दाच्या आधी येणाऱ्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या बारीकशा आर्टिकलांवर. आपल्याकडे किल्ली म्हणजे किल्ली. ती कुठलीशी एक की ठरलेली ती, हे आपण चेहऱ्यावरून ओळखतो. इंग्रजीत ते सांगावं लागतं. “आणि आपण सांगत नाही,” काकू म्हणत. “समोरच्याने ओळखून घ्यावं, अशी आपली अपेक्षा. तो काय तुमचा मावसभाऊ आहे?”

या तत्त्वाची झळ सर्वांत जास्त काकांना लागे. सकाळी कामावर निघताना ते मुद्दाम विचारत, “व्हेअर इज की?” काकू पोळी लाटत उत्तर देत, “कुठली?” “की ऑफ कार.” “मला किल्ली दिसतेय. पण तुम्ही म्हणता ती काही दिसत नाहीये.” काका दोन्ही ‘द’ घालून वाक्य म्हणेपर्यंत किल्ली काकूंच्या स्वेटरच्या खिशातून बाहेर येत नसे. काका कामावर उशिरा पोचत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच विचारत. एकदा मला म्हणाले, “एवढं एकच बंड माझ्याकडून होतं. ते मी सोडणार नाही.”

माझ्या वर्तमानपत्राची अवस्था वेगळी नव्हती. अंक घरी आला की काकू लाल पेनने मथळ्यांमध्ये ‘अ’ आणि ‘द’ भरत बसत. मथळ्यात ती अक्षरं गाळण्याची पद्धत असते, जागा कमी असते, हे मी अनेकदा समजावलं. “जागा नाही?” त्या पान उलटून म्हणत, “गाद्यांच्या जाहिरातीला पानभर जागा आहे. तुमच्या पेपरला एक ‘द’ परवडत नाही?”  

शनिवारी दुपारी तळघरात त्यांचा क्लास भरे. प्लायवुडला काळा रंग देऊन फळा केलेला, घडीच्या खुर्च्या, शेजारी कपडे धुण्याचं मशीन घुमतंय आणि काकू खळ घातलेली सुती साडी नेसून उभ्या. आठवडाभर त्या पँट आणि स्वेटर घालत. शनिवारी मात्र साडीच. विद्यार्थिनी म्हणजे नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुली. सांगलीची सुनंदा त्यांत सर्वांत बोलकी. एका शनिवारी धडा होता, मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तूंचा. तांदूळ मोजता येत नाही, म्हणून त्याला ‘मेनी’ लागत नाही, ‘मच’ लागतं, असं काकूंनी सांगितलं.

“काकू, शितं मोजता येतात की,” सुनंदा म्हणाली.

“तू मोजत बस. आम्ही तोवर जेवून घेतो.”

“आणि डाळ? ती मोजायची का?”

अमेरिकन दुकानातल्या पिशवीवर डाळीचं अनेकवचन, ‘लेंटिल्स’, छापलेलं असतं, तांदळाचं नसतं. हे काकूंनी कबूल केलं आणि पुढची सगळी दुपार वरणभातावर गेली. शेवटी काकू चिडून म्हणाल्या, “इंग्रजांनी डाळ खाल्ली नाही, म्हणून मोजत बसले! पुढे चला.”

त्यांचा आवडता धडा मात्र ‘फ्यू’चा होता. ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र जवळजवळ नाहीतच. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे आहेत चार. “बघा,” त्या खडू फळ्यावर आपटून म्हणत, “एक ‘अ’ गाळलात तर परदेशात एकट्या पडाल.” हे वाक्य खालून इतक्या वेळा ऐकू आलं, की मी वरच्या खोलीत दाढी करताना ते पुटपुटू लागलो.

या सगळ्यामागे काय होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. काकूंना खऱ्या वर्गात उभं राहायचं होतं. आल्या आल्या त्यांनी आसपासच्या शाळांकडे अर्ज केले होते. कुणी इथलं प्रमाणपत्र मागितलं, कुणी उच्चारांबद्दल सौम्य शब्दांत लिहिलं. मग त्यांनी काही काळ एका मोठ्या दुकानात टॉवेलांच्या घड्या घातल्या आणि तळघर रंगवून घेतलं. शिकवणं कुठेही करता येतं, असं त्या म्हणत. पण गाडीतून एखादी शाळा दिसली, की खिडक्यांतून आतला फळा दिसतो का, ते मान वळवून बघत. काका तिथे गाडी हळू करत.

सुनंदाने टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, संध्याकाळच्या शाळेतही नाव घातलं होतं. नव्याने आलेल्या लोकांसाठी तिथे हायस्कूलच्या वर्गांत इंग्रजी शिकवत. शाळेच्या प्रमुख बार्बरा नावाच्या बाई होत्या. सुनंदाचं इंग्रजी ऐकून त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? आणि एका शनिवारी त्या स्वतः काकूंच्या तळघरात येऊन मागच्या घडीच्या खुर्चीवर बसल्या.

काकूंनी त्या दिवशी ‘फ्यू’ शिकवलं. मी जिन्यात बसून ऐकलं. बार्बराबाई दोनदा मोठ्याने हसल्या आणि त्यांनी काहीतरी टिपूनही घेतलं. क्लास संपल्यावर वर चहा झाला. काकू चिवडा वाढायला लागल्या, तेव्हा बार्बराबाई म्हणाल्या, “जस्ट अ लिटल, प्लीज.” काकूंनी बशी काठोकाठ भरली. बाईंनी घाम पुसत ती संपवली. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, मंगळवार-गुरुवारचा वर्ग रिकामा आहे, तो तुम्ही घ्याल का?

स्वयंपाकघरात काका होते, मी होतो, सुनंदा होती. तिघंही काकूंकडे बघायला लागलो.

काकू हसल्या. निऱ्या नीट केल्या. आणि इंग्रजीत म्हणाल्या, “छे छे, मी कसली! त्या कामाला एखादी जास्त लायक व्यक्ती तुम्हाला नक्की मिळेल. मला नको.” सगळी आर्टिकलं जागच्या जागी होती. नकार व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता.

“ओह,” बार्बराबाई म्हणाल्या. “आय अंडरस्टँड.” त्यांनी चिवड्याची स्तुती केली, काकूंचा हात हातात घेतला आणि त्या गेल्या.

दार बंद झाल्यावर काकू वळल्या. चेहरा उजळलेला. “आता मंगळवारसाठी ती निळी साडी काढते. पुढच्या आठवड्यात फोन येईल बघ.”

“काकू,” मी म्हणालो, “तुम्ही नाही म्हणालात.”

“अरे, पहिल्यांदा कोण हो म्हणतं? हावरटासारखं दिसतं.”

“ती अमेरिकन आहे.”

“माणूस आहे ना? तिने थोडासा चिवडा मागितला. मी बशीभर वाढला. तिने खाल्ला की नाही सगळा? मग! तिला समजतं.”

सुनंदा म्हणाली, “काकू, मी सोमवारी सांगू का बाईंना, की तुमचं ‘नको’ म्हणजे नको नव्हतं?”

“खबरदार. आपण होऊन सांगायचं? लाज आहे की नाही?”

पुढचे दिवस घरातल्या कुणाला धड गेले नाहीत. फोनवर कुणी बोलायला लागलं की काकू समोर उभ्या राहून घड्याळाकडे बघत. ऑफिसातून मला फोन आला, तर “लवकर आटप, लाइन मोकळी ठेव” असं पाठीमागून ऐकू येई. निळी साडी इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीवर आली होती. मी रोज तेच सांगत होतो, की नंबर आहे, फोन करा, एका वाक्याचं काम आहे.

“आणि काय सांगू? मला भूक लागली आहे, वाढा, असं?”

“मी करतो फोन,” काका म्हणाले.

“तुम्ही? ‘आय ॲम हजबंड’ म्हणाल आणि सगळंच घालवाल.”

जी बाई गाळलेल्या एका अक्षरासाठी अपघातात सापडलेल्या मुलीला थांबवून धरत होती, तिने स्वतःच्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य समोरच्याने ओळखून घ्यावं म्हणून अर्धवट सोडलं होतं. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं. त्यांनी मला जेवायला वाढलं.

मग एका गुरुवारी संध्याकाळी सुनंदा शाळेतून थेट घरी आली. बूटही काढले नाहीत. दारातच म्हणाली, “काकू, देअर इज न्यू टीचर.”

आम्ही सगळे वाट बघत राहिलो.  गाळलेला ‘अ’ दारात तसाच पडून राहिला.

“बरा शिकवतो का?” काकूंनी मराठीत विचारलं.

“च्युइंग गम खातो,” सुनंदा म्हणाली आणि रडायला लागली. काकूंनी तिला बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं. निळी साडी खुर्चीवरून उचलून कधी आत नेली, ते मला दिसलं नाही.

पुढच्या शनिवारी क्लास नेहमीच्या वेळी सुरू झाला. काकू हातात बिस्किटांची बशी घेऊन खाली उतरल्या. पहिल्या मुलीसमोर बशी धरून त्यांनी इंग्रजीत विचारलं, बिस्किट घेणार? ती लाजून “नो, थँक यू” म्हणाली. काकू पुढे सरकल्या. दुसरीही तेच म्हणाली, तिसरीही. बशी सगळ्यांसमोरून फिरली आणि भरलेलीच परत टेबलावर आली. मुली एकमेकींकडे बघत होत्या. अजून एक फेरी होईल, अशी त्यांची खात्री होती.

“संपलं,” काकू म्हणाल्या. “या देशात एकदाच विचारतात. हा आजचा धडा. अ आणि द नंतर.”

क्लास संपेपर्यंत बशीला कुणी हात लावला नाही. त्यानंतर कुठल्याही नव्या मुलीचा पहिला दिवस बिस्किटांनीच सुरू होई. हा धडा कुठून आला, हे काकूंनी कधी सांगितलं नाही आणि सुनंदाने कुणाला विचारू दिलं नाही. सुनंदाला पुढे बँकेच्या काउंटरवर नोकरी मिळाली. मॅनेजरचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आपण “येस” म्हणून मोकळे झालो, असं ती सांगे. काकूंनी पेढे वाटले. आणि मॅनेजरचं वाक्य अर्धवट तोडल्याबद्दल तिला रागावल्या.

संध्याकाळच्या शाळेतून पुन्हा फोन आला नाही. काकूंनीही केला नाही. गाडी त्या हायस्कूलवरून जाताना त्या आता मान वळवत नसत. काका मात्र सवयीने गाडी हळू करत आणि मागून हॉर्न वाजत.

काका निवृत्त झाल्यावर दोघांनी मुलाकडे, ॲरिझोनात चँडलरला जायचं ठरवलं. मुलगा तिथे कॉम्प्युटरची चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. तोवर मी वेगळं अपार्टमेंट घेतलं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो, तर घर खोक्यांनी भरलेलं होतं. प्रत्येक खोक्यावर काकूंनी आत काय आहे ते इंग्रजीत लिहिलं होतं, आर्टिकलांसकट. तळघरातला फळा नव्या मालकांसाठी भिंतीवर तसाच ठेवला होता, स्वच्छ पुसून.

मी विचारलं, “काकू, उद्या मी एअरपोर्टला सोडू का?”

“नको रे. तुला कामावर जायचं असेल, कशाला उगीच? काकांनी टॅक्सी सांगितली आहे.”

एवढं बोलून त्या एका खोक्याची आधीच चिकटवलेली टेप बोटाने पुन्हा दाबायला लागल्या. दाबलेली जागाच दाबत राहिल्या. त्यांच्या मागे उभे असलेले काका माझ्याकडे टक लावून बघत होते.

मी दुसऱ्यांदा विचारलं.

“बरं बाबा,” काकू म्हणाल्या, “एवढा आग्रहच करतोस तर ये. सहाला ये.”

टॅक्सी कुणी सांगितलेलीच नव्हती.