केशकाल घाट, मागे ट्रेलर आणि बाबांच्या पोळ्या

मागच्या महिन्यात आम्ही रायपूरहून विशाखापट्टणमला गेलो... गाडीच्या मागे चाकांवरचं घर जोडून! ट्रेलर माझ्या नवऱ्याच्या, सुमीतच्या मित्राचा. आत चार बर्थ, एक सिंक आणि दोन शेगड्यांचा गॅस.

मागे ट्रेलर असला की रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. त्याच्या प्रॅक्टिससाठी सुमीत दोन रविवार नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर गेला. बघायला फक्त गाई होत्या. नवी राजधानी आमच्या तरी पुरेपूर कामी आली.

बरोबर आमची दहा वर्षांची गुड्डी आणि समता कॉलनीतले माझे आई-बाबा. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन हिवाळ्यात झालं होतं, हा प्रवास खरं तर तिच्यासाठीच होता. पण ट्रेलरमधला गॅस बघितला आणि ती भडकली. "फिरायले चाललो म्हणता, अन् चूल मागं बांधून नेऊन राहिले! मंग मले कायची सुट्टी?"

मी शब्द दिला... आठ दिवस तू गॅसला हात लावायचा नाहीस. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच ओशाळले.

आता बाबांबद्दल. बाबा रेल्वेत पुलांच्या कामावर होते. जिथे काम चालू, तिथे बाजूच्या रुळावर उभ्या केलेल्या डब्यात राहायचं... वीस-वीस दिवस. आम्ही म्हणायचो, बाबा लाइनवर गेलेत. ते घरी आले की आई त्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू द्यायची नाही. "दमून येतात बिचारे." रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण बिचाऱ्यांचा थकवा काही उतरला नव्हता.

पहिल्याच दिवशी माझा शब्द गोत्यात आला. केशकाल घाटाच्या वळणांनी मी पार आडवी झाले. कोंडागावच्या अलीकडे एका ढाब्याच्या अंगणात संध्याकाळी थांबलो, तर ढाब्याचा आचारी लग्नाला गेलेला, चहाशिवाय काही मिळेना. ट्रेलरचे इंडिकेटर बंद पडले म्हणून सुमीत खाली वायरी जोडत बसला. मी बाजेवर, नाकाशी लिंबू धरून...

तेवढ्यात गुड्डी म्हणाली, "नानी, भूख लगी है."

आईने एक उसासा टाकला, पदर खोचला आणि एका हाताने गुडघा धरत ट्रेलरच्या पायरीवर पाय ठेवला. मला इतकी लाज वाटली... पण उठवत नव्हतं.

"तू बस खाली. पायरी उंच हाय," बाबा म्हणाले. आणि स्वतः आत गेले.

आधी टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून त्यांनी ट्रेलर सपाट उभा आहे का ते पाहिलं. खाली उतरून एका चाकाखाली फळी सरकवली. मग बटाटे-वांगी हातावरच चिरली, फोडणी दिली, कणीक मळली... आणि पोळ्या लाटल्या. गोल, पातळ, टम्म फुगणाऱ्या! माझी मळमळ कुठल्या कुठे पळाली. गुड्डीने तर व्हिडिओच काढला.

"डब्यात कोन करून देनार होतं?" बाबा आतून म्हणाले. "माह्यं मीच करत होतो. कोनी आलं तर डाळ वाटून गोळ्याची कढी बी करे."

आम्ही हसत सुटलो. आई हसली नाही.

आमच्या लहानपणी बाबा लाइनवर असले की घरी फक्त वरण-भात असायचा. वडे, पुरणपोळी, भरली वांगी... काहीही मागा, उत्तर एकच, बाबा आल्यावर. मला वाटायचं, आई कंटाळा करते.

"तुमाले तिथं काय भेटत असन, म्हणून मी घरी कढई चढवली नाही," आई म्हणाली. "लेकरं मागत, तरी नाही. माह्या घशाखाली उतरतच नव्हतं. अन् तुम्ही तिकडं गोळ्याची कढी खाऊन राहिले होते!"

बाबांच्या हातातलं लाटणं थांबलं.

"सांगनार होतो... पण घरी आलो का तू इतकं करून ठेवत होती. वाटे, सांगितलं तर हे बंद होईन."

मग त्यांनी तव्यावरची पोळी ताटात घेतली, वर भाजी वाढली आणि ताट आईच्या मांडीवर आणून ठेवलं. आई सवयीने म्हणाली, "तुमचं होऊ द्या आधी." बाबा हलले नाहीत. "नाही. तू खाय. पोळी थंडी होऊन राहिली."

आई जेवली. सगळ्यांच्या आधी, आणि तेही गरम. "मीठ जरा जास्त हाय," म्हणत तिने तीन पोळ्या खाल्ल्या. रडले ती मीच.

पुढचे सगळे दिवस बाबांनीच स्वयंपाक केला. परत निघताना आई सुमीतला विचारत होती, "जायले दुसरा रस्ता नाही का... लांबचा?"

आल्यापासून बाबांवर आम्ही सगळे यथेच्छ हसून घेतोय. पण खरं सांगू? माझ्या एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात तव्यावरची गरम पोळी आईच्या ताटात मीही कधी वाढली नव्हती. ती म्हणायची, "मी मागून बसते"... आणि आम्ही जेवत राहायचो.

आई, रविवारी येतेय. पोळ्या मी करणार आहे, बाबांसारख्या गोल होणार नाहीत. पण आधी तू बसायचंस.