आम्हांला गप्प करणाऱ्या मोठ्या बाई

शिक्षकांना बोलायला शिकवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण त्यांना गप्प बसायला शिकवणारं माणूस एकच झालं, आणि ते आमच्या सोलापूरच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होतं. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू. उंचीनं मात्र त्या वरच्या वर्गातल्या मुलींच्या खांद्याला लागत. मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच आले होते. मुलींकडे पाठ न करता फळ्यावर कसं लिहावं इथपासून सगळं मला येत होतं. बाईंनी माझा पहिला पाठ शेवटच्या बाकावर बसून ऐकला आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "छान बोललीस हो. आता मुलींनी कधी बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशीच त्यांनी माझ्या हातावर खडीसाखरेचा भला मोठा खडा ठेवला. "गालात धर. चावायचा नाही. विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही." शाळेतल्या प्रत्येक शिक्षिकेनं हे दिव्य केलेलं होतं. जिला बोलायची खोड जास्त, तिचा खडा मोठा. गणिताच्या बाईंचा लिंबाएवढा असतो, असं आम्ही म्हणत असू. इतर शाळांत गलका झाला की मुख्याध्यापिका धावत येतात. आमच्या बाई शांतता झाली की धावत. दारात उभ्या राहून काळजीनं विचारत, "काय गं, सगळ्या बऱ्या आहात ना?"

शाळा सुटली की अंगणातल्या कडुलिंबाखाली आमची बैठक बसे. उद्या मुलींनी कशावर बोलायचं, ते तिथं ठरे. ऐकायला सोपं वाटतं, पण घाम फुटायचा. मी प्रश्न सुचवला की बाई विचारत, "याचं उत्तर तुला ठाऊक आहे?" मी "हो" म्हटलं की संपलंच. "मग विचारतेस कशाला? ठाऊक असलेलं विचारणं म्हणजे झडती घेणं." मुलींना गोल बसवायचं, फार बोलणारीला दुसरीचं म्हणणं सांगायचं काम द्यायचं, एवढं तर मी पटकन शिकले. अवघड होती ती कधीच न बोलणारी मुलगी. तिच्यासाठी बाई स्वतःच ती मुलगी होऊन बसत. पदराचं टोक तोंडात धरून अंगठ्यानं माती उकरत आणि म्हणत, "हं, बोलतं कर मला." आम्ही गोंजारून थकायचो, बाई ढिम्म. शेवटी पदर सोडून सांगत, "सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघताय, मी बोलू कशी? जरा दुसरीकडे बघा की!" बाजारातही तेच. वांगी घेताना, काटेरी वांगं चांगलं की बिनकाट्याचं, यावर त्या सगळ्या गिऱ्हाइकांना बोलतं करत. भाजीवाली कावून म्हणे, "बाई, बोलनं लई झालं. आता वांगी घ्या की!"

माझ्या वर्गात नरसव्वा नावाची एक मुलगी होती. विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. एक दिवस आम्ही प्रश्न ठरवला: गिरणीचा भोंगा एखाद्या सकाळी वाजलाच नाही तर? मुली रंगल्या होत्या, मी त्यांच्यातच मांडी घालून बसले होते, गालात खडा होता, आणि नेमके शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टरसाहेब आत आले.

"या वर्गाला शिक्षिका नाही का?" त्यांनी विचारलं. मी नुसतं छातीवर बोट ठेवलं. साऱ्या वर्गाचे डोळे साहेबांकडे लागले. नरसव्वाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि तेवढ्यात ती बोलली.

"भोंगा न्हाय वाजला तर आमची आई घरी ऱ्हाईल. मी उठायच्या आत ती जाते, मी निजल्यावर येते. मला तिच्यासंगं बोलायचं हाय."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी मात्र घसा साफ केला आणि म्हणाले, "ही शाळा आहे की चावडी?"

ते तडक शाळेच्या कमिटीकडे गेले. कमिटीनं बाईंना बोलावून शिस्तीचा जाब विचारला. बाईंनी सगळ्यांना खुर्च्या गोल करायला सांगितल्या. "शिस्त कुणाच्या सोयीसाठी असते, यावर आपण एकेकानं बोलू या." कमिटीला हसू आलं नाही. महिनाअखेरीस बाईंनी शाळा सोडावी असं ठरलं.

त्या हुबळीला भावाकडे निघाल्या. आम्ही साऱ्याजणी स्टेशनवर गेलो. नरसव्वाही आली होती. आपणहून बाईंचा हात धरून चालत होती आणि घरचं काय काय सांगत होती. बाई डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या. आम्ही रडू आवरत निरोपाचे शब्द जुळवत होतो. पण त्यांच्या समोरच्या बाकावर दोन बायांची कशावरून तरी जुंपली होती. बाईंचे कान टवकारले. त्या पुढे वाकल्या, दोघींना काहीतरी विचारलं, आणि दोघी भांडण थांबवून विचारात पडल्या. गाडी हलली. आम्ही हात हलवत होतो, आणि बाई आमच्याकडे पाठ करून हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या.

त्यानंतर त्या मला कधी भेटल्या नाहीत. इंजिनाच्या आवाजात त्यांनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. तेवढं मात्र मला अजून कळायला हवं आहे. कधी वाटतं, धावत जाऊन त्या डब्यात चढले असते, तर तिसऱ्या बाकावर गप्प बसून नुसतं ऐकलं असतं, हुबळीपर्यंत.