लवणीवरचं पाणी

मुक्त ऊर्जा, उष्णता, तापमान आणि एन्ट्रॉपी यांचं समीकरण मला कॉलेजात तोंडपाठ होतं. राग येतो तो त्याचाच.

पेडण्यात डोंगरउतारावर आमची काजूची बाग. उन्हाळ्यात वडील तिथेच भट्टी लावत. बोंडांचा आंबलेला रस मोठ्या भांड्यात उकळायचा आणि वाफ नळीतून शेजारच्या मडक्यात, लवणीत, उतरायची. वाफेची दारू व्हावी म्हणून आई लवणीवर सारखं गार पाणी ओतायची. ते पाणी खालच्या झरीवरून घागरीने तीच आणायची. त्या वर्षी तिचे गुडघे सुजले होते.

सुट्टीला आलो आणि मी शहाणपण पाजळलं. लवणीखालच्या डोणीत साचलेलं कोमट पाणी वडील फेकून देत होते.

"उष्णता नष्ट होत नाय. फेकतास कित्याक? तांच परत ओता," मी म्हणालो. "आई, तू बस. पाणी हाडू नको."

"शिकलेलो तू. सांगतस तसा करूया," आई म्हणाली आणि काजूखाली पाय पसरून बसली. हंगामात तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेच पाणी चार-पाच वेळा फिरलं आणि चटके देऊ लागलं. लवणीला हात लावता येईना. सांध्यांतून वाफ फुसफुसत बाहेर पडली, बागभर वास सुटला. वडिलांनी लवणी हलवून पाहिली. तळाशी जेमतेम ओल होती.

वाफ मोकाट, तिची एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, जास्त. तिचा थेंब व्हायचा तर तिची उष्णता कुणीतरी काढून घ्यायला हवी, आणि तापलेलं पाणी ती घेत नाही. उष्णता कुठे नष्ट झाली नव्हती, डोणीतच होती. फक्त कामाची उरली नव्हती. समीकरणातलं तापमान म्हणजे हेच, लवणीचं. ते वाढलं की वाफ वाफच राहते. मास्तरांनी फळ्यावर चिन्हं लिहिली, आम्ही मेंढरांसारखी उतरवून घेतली. त्यांनी सांगितलं नाही, मी गाढवाने विचारलं नाही.

"पाणी हाडूक होया," एवढंच म्हणून आई गुडघा धरत उठली. घागर मी उचलायला हवी होती. मी समीकरण आठवत उभा राहिलो.

परीक्षेला त्याच समीकरणावर प्रश्न आला. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. आई त्याच गुडघ्यांनी वाडाभर पेढे वाटत फिरली.