पुढच्या खोलीचं दार

आमच्या गावात समुद्र जमीन खात अंगणाशी आला आणि घर त्याला द्यायची वेळ आली की आधी दारं-खिडक्या काढतात. दारं निघाली की ते घर गेलं म्हणायचं. मे महिन्यात शेजारच्या सेलेस्तेने आपल्या पोसादाची, म्हणजे पाहुण्यांना उतरायच्या घराची, दारं टेम्पोत घातली, तेव्हा दोना लिंदाउरा, म्हणजे लिंदाउराबाई, ओट्यावरून ओरडली, "लाटेच्या आधीच पळालीस की गं!"

लिंदाउराची स्वतःची पोसादा पाच खोल्यांची. नवरा गेल्यापासून एकटीच चालवायची. जानेवारीत, आमच्या भर उन्हाळ्यात, पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नसते आणि जूनच्या हिवाळ्यात चिटपाखरूही फिरकत नाही. तरी नाश्त्याचं टेबल ती रोज मांडायची. मक्याचा केक, पपई, धिरड्यासारखा गरम तापिओका. बाई हट्टाची पक्की. "टेबल ओस पडलं की घर ओस पडतं," म्हणायची. अशा दिवसांत एखादा पाहुणा आलाच, तर समुद्राकडची पुढची खोली त्याला साध्या खोलीच्या भाड्यात द्यायची, ही आमच्याकडची रीत.

ओस्मार मास्तर गर्दी टाळून दर हिवाळ्याला येत. यंदाही आले. पुढच्या खोलीचं दार नुकतंच खाली घासायला लागलं होतं. मागच्या घरात राहणारा कोळी वाल्देसी म्हणाला, "दोना, जमीन खचतेय. मास्तरांना मागची खोली द्या."

"ओलाव्याने फुगलंय रे दार! तू आपली जाळी विण."

तिने दाराच्या कडेला मेणबत्ती चोळली आणि मास्तरांच्या हातात किल्ली ठेवली. मनात मात्र धसका बसलाच होता. रोज सकाळी ते दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत ती कॉफीला हात लावत नसे.

मग दक्षिणेचा वारा सुटला. समुद्राने अंगणाची भिंत गिळली. त्या सकाळी तापिओका गार झाला तरी दाराचा आवाज आला नाही. लिंदाउरा धावली. आतून मास्तर दारावर धडका मारत होते.

"दोना, दार उघडत नाही! खिडकीखाली नुसतं पाणी आहे, जमीनच नाही!"

चौकट तिरपी होऊन दार अडकलं होतं. तिच्या हाका ऐकून वाल्देसी पहार घेऊन आला आणि तिच्याकडे बघत थबकला. दार काढायचं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बघतोस काय मेल्या? काढ!"

बिजागऱ्या करकरत तुटल्या. मास्तर अनवाणी बाहेर आले. लिंदाउरा त्यांच्या गळ्यात पडून रडली. "माझ्या हट्टापायी जीव गेला असता हो तुमचा!" मग तिने डोळे पुसले आणि वाल्देसीला म्हणाली, "बाकीचीही काढ." दुपारपर्यंत पुढची खोली समुद्रात गेली.

संध्याकाळी वाल्देसीच्या अंगणात तेच दार मासळीच्या दोन खोक्यांवर आडवं टाकून तिने केक मांडला. वाल्देसी कॉफी आणायला उठला. त्याने स्वयंपाकघराचं दार लोटलं, ते खाली घासून अडलं. त्याने खांदा लावून ढकललं.

"ओलावा, दुसरं काय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

लिंदाउराने भिंतीला टेकवलेल्या पहारीकडे पाहिलं.

"ती पहार आत नेऊ नकोस रे," ती म्हणाली. "दाराबाहेरच असू दे."