भोवत्या उतरण्याची वेळ

चाकणच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे विजयश्रीला मार्गशीर्ष महिना जरा अवघडच जातो. आठवड्यातली एकच मोकळी संध्याकाळ, आणि नेमका त्याच दिवशी घरात महालक्ष्मीचा कलश मांडलेला.

विजयश्री गिअरच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर काम करते. सुटे भाग डोळ्यांखालून घालायचे, बारीक ओरखडा दिसला तरी लाल क्रेटमध्ये टाकायचे. फोटोंच्या बाबतीतही तिचा हात असाच चालतो. जुना कॅमेरा घेऊन ती हिवाळाभर पक्षी बघत हिंडते आणि बहुतेकदा काहीच न काढता घरी येते.

"लोकं एका लग्नात दोन हजार फोटो काढतात," नवरा समाधान म्हणतो, "तू अख्ख्या थंडीत दोन?"

"दोन तरी कुठे? एक पुसला काल," ती पोळी लाटता लाटता म्हणते.

या थंडीत तिला एकच फोटो हवा होता. निघोज्याच्या पुढे एका कंपनीचा प्लॉट मोकळा पडून होता. त्यावर कमरेएवढं गवत. दर हिवाळ्यात दूर उत्तरेकडून भोवत्या येतात, लांब पंखांचे शिकारी पक्षी. दिवसभर माळावर घिरट्या घालतात आणि सूर्य बुडताना त्या गवतात, जमिनीवरच झोपायला उतरतात. उडता भोवत्या कुणीही टिपतं. विजयश्रीला हवा होता गवतात शिरण्याआधीचा क्षण. पंख वर, पाय खाली सोडलेले, पिवळा डोळा स्वच्छ. पण दर गुरुवारी पक्षी लांबच्या कडेला उतरले होते आणि तिने बटणाला बोटही लावलं नव्हतं. आता शुक्रवारी सकाळी तिथे सपाटीकरणाला जेसीबी येणार होते. तिथल्या वॉचमनने, ज्योतीरामने, तसं सांगितलं होतं.

म्हणजे हाच गुरुवार उरला. आणि तो मार्गशीर्षातला शेवटचा, उद्यापनाचा. दिवेलागणीला सवाष्णी हळदीकुंकवाला येणार होत्या.

"लक्ष्मी यायच्या टायमाला घरची सून रानात?" सासू अंबूबाई म्हणाल्या.

"आत्या, आरतीला परत येते. शप्पथ."

"तुझी शप्पथ ठावं हाय मला. मागल्या बिस्तरवारी निवद थंडगार झाला व्हता." अंबूबाईंनी पदर खोचला. "मीच येते संगं. मान धरून आणते माघारी."

तशा त्या स्कूटीवर मागे बसून खरंच आल्या. गवताच्या कडेला विजयश्रीने पोतं अंथरलं, दोघी बसल्या. लुगड्याला चिकटलेली कुसळं वेचत अंबूबाई पुटपुटत होत्या, "हितं गवत कापायला यायचो आमी. तवा मान वर करायला सवड कुणाला व्हती?"

ऊन शेडच्या पत्र्यांवरून सरकलं. गारठा पायांतून वर चढू लागला. पहिला भोवत्या आला.

"आला की गं! काढ!"

"हा नाही. लांब आहे."

"मग ह्यो?"

"ह्याचं तोंड पलीकडे."

"पोरगी बघाया आल्यावानी नावं ठिवतीस!"

विजयश्रीला हसू आलं, पण कॅमेरा हलला नाही.

मग ते चहूबाजूंनी येऊ लागले. शेडवरून, हायवेकडून, इंद्रायणीच्या अंगाने. खाली, अगदी गवताला घासून, पंखांचा जरासुद्धा आवाज न करता. तपकिरी माद्या, राखी-पांढरे नर. एक वळला की दुसरा त्याच्यामागे वळे. सगळं गवतच हवेत तरंगायला लागलंय असं वाटत होतं. अंबूबाईंची कुसळं वेचणारी बोटं थांबली. तोंड उघडं राहिलं.

तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला फोन थरथरला. शेजारच्या मंजुळाबाई होत्या. "कुठं हाय तुमी? बाया येऊन बसल्यात."

"गाडी पंक्चर झालीया," अंबूबाई म्हणाल्या.

"अवं पण कुजबुजताय कशापायी?"

अंबूबाईंनी फोन कापला.

एक पांढुरका नर सरळ त्यांच्याच रोखाने आला. उजेडाची शेवटची तिरीप त्याच्या छातीवर होती. दोघींच्या समोर तो हवेतच थबकला, पंख वर नेले, पाय सोडले. मान वळवून त्याने पाहिलं. विजयश्रीने श्वास धरला आणि बटण एकदाच दाबलं. पुढच्या क्षणी तो गवतात नाहीसा झाला.

तिने पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. "मिळाला, आत्या," ती कशीबशी म्हणाली. "चला, आरती राहिली." ती उठू लागली.

अंबूबाईंनी तिची ओढणी धरून तिला खाली ओढलं.

"गप बस. ह्यो काय पुढ्यातच हाय. उठलीस तर समदी उडतील."

"पण बायका थांबल्यात ना."

"थांबू दे. चांगला काळोख पडला की जाऊ हळूच." त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. "उद्या मशीन येणार म्हनतीस ना? आजची रात तरी झोपू दे त्यास्नी."

फोन पुन्हा थरथरू लागला. अंबूबाईंनी तो पिशवीसकट मांडीखाली घेतला आणि गवताकडे बघत राहिल्या.